संततीवरून आईबाप ओळखायचे: जेनेटिक्सच्या ऑनर्स कोर्सची तयारी, पहिल्या दिवसापासून प्रकल्पापर्यंत

साध्या कोर्समध्ये प्रश्न असा येतो: आईबाप असे आहेत, तर संतती कशी होईल? ऑनर्समध्ये तोच प्रश्न उलटा येतो. बाटलीत इतक्या फळमाश्या अशा निघाल्या आणि इतक्या तशा, तर आईबापांकडे कोणती जनुकं होती ते सांगा. पहिला प्रश्न चौकटी भरून सुटतो. दुसऱ्याला अंदाज बांधावा लागतो, तो स्वतःच मोडून बघावा लागतो आणि मोडला की दुसरा बांधावा लागतो.

हा कोर्स मी आधी विद्यार्थी म्हणून केला आणि नंतर काही सत्रं त्याच्याच प्रॅक्टिकलला मदतनीस होतो. पहिल्या महिन्यात गटांगळ्या खाणारे बहुतेक जण हुशार असतात, पाठांतर पक्कं असतं. फक्त उलटा प्रश्न ते सुलट पद्धतीने सोडवू पाहतात. पुढचं सगळं ही सवय मोडण्यासाठी आहे.

नाव नोंदवण्याआधी

'ऑनर्स' या शब्दाचा अर्थ विद्यापीठागणिक बदलतो. कुठे ती नेहमीच्याच कोर्सची छोटी, वेगाने जाणारी तुकडी असते. कुठे जोडीला मूळ शोधनिबंध वाचायचा तास असतो. कुठे वर्षभराचा प्रकल्प आणि शेवटी प्रबंध. तेव्हा नावावर जाऊ नका, मागच्या वर्षीचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि शिकवणाऱ्यांना तीन गोष्टी विचारा. आम्ही स्वतः क्रॉस करणार (म्हणजे ठरवून जोड्या लावून संतती घेणार) की तयार आकडे मिळणार? प्रॅक्टिकल आणि सादरीकरणाला किती गुण? परीक्षेत पुस्तक उघडं चालतं का? शेवटच्या प्रश्नाला 'चालतं' असं उत्तर आलं तर खूश होऊ नका. याचा अर्थ इतकाच की पेपरातली गणितं पुस्तकात सापडणार नाहीत.

क्रॉस स्वतः करायचे असतील तर त्याच सत्रात दुसरं मोठं प्रॅक्टिकल घेऊ नका. माश्यांना रविवार कळत नाही. त्या निघायच्या तेव्हा निघतात आणि तुम्हाला तेव्हा हजर राहावं लागतं.

आधी काय घासून घ्यायचं

सुट्टीत अख्खं पुस्तक वाचून काढायची गरज नाही. दोन गोष्टी पक्क्या करा: अर्धसूत्री विभाजन (मिओसिस, ज्यातून अंडी आणि शुक्राणू बनतात) आणि संभाव्यता.

अर्धसूत्री विभाजनासाठी दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. आईकडून आलेली गुणसूत्रं एका रंगात, वडिलांकडून आलेली दुसऱ्या. दोन जोड्या काढा आणि पुस्तक मिटून सगळे टप्पे स्वतः काढा. गोंधळ नेहमी एकाच ठिकाणी होतो: पहिल्या विभाजनात समजात गुणसूत्रं (जोडीतलं आईकडचं आणि वडिलांकडचं) वेगळी होतात, दुसऱ्यात भगिनी क्रोमॅटिड (एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती). हे खरंच कळलंय का, ते असं तपासा. एखाद्या मुलाकडे एक्स-एक्स-वाय अशी गुणसूत्रं आहेत आणि दोन्ही एक्स आईकडून आलेत. चूक पहिल्या विभाजनात झाली की दुसऱ्यात, हे कशावरून सांगाल? दोन्ही एक्स वेगवेगळे, म्हणजे आईच्या दोन निरनिराळ्या एक्सच्या प्रती असतील तर पहिल्या. एकाच एक्सच्या दोन प्रती असतील तर दुसऱ्या. (क्रॉसिंग ओव्हरमुळे, म्हणजे जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात त्यामुळे, टोकांकडे सरमिसळ होते, म्हणून दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या सेंट्रोमिअरच्या जवळची जनुकं बघायची.) हे चित्र काढून दोन मिनिटांत सांगता आलं की तयारी झाली.

संभाव्यतेत गुणाकार आणि बेरजेचे नियम सगळ्यांना येतात. घसरण होते ती मिळालेल्या माहितीमुळे शक्यता बदलते तिथे. एक नमुना बघा. एका अप्रभावी आजाराने (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणाऱ्या) बाधित असलेल्या मुलीचा निरोगी भाऊ आहे, आईवडील दोघेही निरोगी, म्हणजे दोघेही वाहक: एक प्रत बिघडलेली, एक चांगली. भाऊ वाहक असण्याची शक्यता किती? घाईत १/२ लिहिलं जातं. पण भाऊ निरोगी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून चौकटीतल्या चार घरांपैकी बाधिताचं एक घर आधीच बाद. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहक, म्हणजे २/३. आता त्याने अशाच घरातल्या, दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या निरोगी बहिणीशी लग्न केलं, तर पहिलं मूल बाधित असण्याची शक्यता २/३ × २/३ × १/४, म्हणजे १/९.

इथपर्यंत साधा कोर्स. ऑनर्सचा पेपर पुढे विचारतो: त्यांना एक मूल झालं, ते निरोगी आहे. आता दुसऱ्या मुलाचं काय? पहिलं मूल निरोगी निघालं, म्हणजे दोघेही वाहक असण्याची शक्यता थोडी घटली. आधी ती ४/९ होती. दोघे वाहक असताना निरोगी मूल होण्याची शक्यता ३/४, म्हणून ४/९ × ३/४ = ३/९. दोघांपैकी किमान एक जण वाहक नसण्याची शक्यता ५/९, आणि तेव्हा मूल निरोगीच. निरोगी मुलाची एकूण शक्यता ३/९ + ५/९ = ८/९. ३/९ भागिले ८/९, उत्तर ३/८. त्याला १/४ ने गुणलं की ३/३२. ही चार ओळींची रीत हाताला बसली की वंशावळीच्या गणितांची भीती निम्मी जाते.

एक गणित, सावकाश

दोन पांढऱ्या फुलांच्या शुद्ध जातींचा क्रॉस केला. पहिल्या पिढीत सगळी फुलं जांभळी. त्यांचं स्वपरागण करून दुसऱ्या पिढीत १६० रोपं आली: ८९ जांभळी, ७१ पांढरी. काय चाललंय?

आधी आकड्यांकडे बघूच नका. पांढरं आणि पांढरं मिळून जांभळं झालं. एकाच जनुकाचा खेळ असता तर दोन्ही पालकांत तेच बिघडलेलं जनुक असतं आणि जांभळं आलंच नसतं. म्हणजे दोन वेगळी जनुकं बिघडलेली आहेत, एका जातीत एक आणि दुसरीत दुसरं, आणि दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. रंगासाठी दोन्ही जनुकांची किमान एकेक चालती प्रत लागत असेल तर दुसऱ्या पिढीत ९:७ यायला हवं. जेनेटिक्सचे सुरुवातीचे संशोधक बेटसन आणि पनेट यांना स्वीट पी या फुलवेलीत हेच प्रमाण मिळालं होतं.

आता आकडे. १६० चे ९:७ म्हणजे ९० आणि ७०. काय-स्क्वेअर काढा, म्हणजे प्रत्येक गटात फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित आकडा, आणि त्यांची बेरीज: १/९० + १/७० = ०.०२५. दोन गटांसाठी सीमारेषा ३.८४ आहे, तिच्या वर गेलं की अंदाज बाद. आपण तिच्या आसपासही नाही. एकाच जनुकाच्या नेहमीच्या ३:१ साठी १२० आणि ४० हवे होते, तिथे काय-स्क्वेअर ३२ येतो. बाद.

बहुतेक जण इथे पेन खाली ठेवतात, आणि इथेच गुण जातात. १:१ तपासून बघा. ८० आणि ८०, फरक ९, काय-स्क्वेअर २.०३. तोही ३.८४ च्या खाली! म्हणजे १६० रोपांवर ९:७ आणि १:१ यांत आकडेशास्त्र निवाडा देत नाही. उत्तरपत्रिकेत हे लिहा आणि मग निवाडा कसा करायचा ते लिहा. एक रस्ता म्हणजे जास्त रोपं. हेच प्रमाण ठेवून ६४० रोपं मोजली, ३५६ आणि २८४ आली, तर १:१ साठी काय-स्क्वेअर ८.१ होतो आणि ते बाद होतं. ९:७ साठी तो जेमतेम ०.१ राहतो. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: दुसऱ्या पिढीतली जांभळी रोपं घ्या आणि प्रत्येकाचं पुन्हा स्वपरागण करा. अंदाज खरा असेल तर दर नऊ रोपांत सरासरी एक फक्त जांभळी संतती देईल, चार ३:१ देतील आणि चार पुन्हा ९:७. एवढं ठळक भाकीत खोट्या अंदाजाला पेलत नाही.

प्रत्येक गणितात हीच चाल ठेवा: आधी गुणांचं वागणं, मग अंदाज, मग आकडे, मग 'दुसरा कोणता अंदाज बसतो', आणि शेवटी 'दोघांत फरक करणारा क्रॉस कोणता'. रोज दोन गणितं, पेन्सिलीने, उत्तर न बघता. उत्तर वाचून 'हां, बरोबर' म्हणण्याला सोडवणं म्हणत नाहीत.

तीन जनुकांच्या नकाशाची (गुणसूत्रावरचा त्यांचा क्रम आणि अंतर काढायची) गणितं तुलनेने यांत्रिक असतात, त्यांवर फार वेळ घालवू नका. संततीतले सर्वांत मोठे दोन गट मूळ जोडणीचे, सर्वांत छोटे दोन दुहेरी क्रॉसिंग ओव्हरचे. या दोन प्रकारांची तुलना करा, ज्या जनुकाने जागा बदललेली दिसते ते मधलं. अंतर काढताना दुहेरी गट दोन्ही बाजूंना मिळवायचे. हे विसरल्यामुळे गेलेले गुण मोजले तर एखादं वर्ष फुकट पास होता येईल. आणि एक जुना सापळा: फळमाशीच्या नरात क्रॉसिंग ओव्हर होतच नाही. विषमयुग्मी (जनुकाच्या दोन वेगळ्या प्रती असलेला) पालक नर असेल तर नकाशाचं गणित मांडण्याआधी थांबा.

माश्यांच्या बाटल्या

फळमाशी २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशीपर्यंत साधारण १० दिवस घेते. मादी नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढे कित्येक दिवस वापरते. म्हणून क्रॉससाठी नराशी अजून न मिळालेली, म्हणजे व्हर्जिन मादी लागते. कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंशांना पहिले आठेक तास मादी मीलन करत नाही. सगळं प्रॅक्टिकल या आठ तासांवर उभं आहे. सकाळी बाटलीतल्या सगळ्या प्रौढ माश्या काढून टाका, एकही राहू देऊ नका. आठ तासांच्या आत परत या आणि नव्याने निघालेल्या माद्या वेगळ्या करा. रात्री येणं जमत नसेल तर बाटली १८ अंशांना ठेवा, सगळं संथ होतं आणि सवलत जवळपास दुप्पट मिळते.

ताजी माशी फिकट, मऊसर दिसते, आणि पोटाच्या पातळ त्वचेतून एक गडद ठिपका दिसतो. तो दिसला की निश्चिंत व्हा. नर ओळखायला पोटाचं काळसर, बोथट टोक पुरतं, पण ताज्या माशीत रंग पुरता भरलेला नसतो. शंका आली तर सूक्ष्मदर्शकाखाली पुढचे पाय बघा. तिथे काळ्या राठ केसांचा छोटा कंगवा असला की तो नर.

निवडण्यासाठी बेशुद्ध केलेल्या माश्या नव्या बाटलीत टाकताना बाटली आडवी ठेवा आणि त्या चालू लागेपर्यंत उभी करू नका. उभ्या बाटलीत त्या ओल्या खाद्यात पडतात, पंख चिकटतात आणि संपलं. आणि अळ्या दिसू लागल्या की आईबाप बाहेर काढा. नाहीतर दोन पिढ्यांची खिचडी होते आणि मोजणीला अर्थ उरत नाही.

माझी फजिती सांगतो. पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर असा क्रॉस होता. हे जनुक एक्सवर असतं, त्यामुळे मुली सगळ्या लाल आणि मुलगे सगळे पांढरे यायला हवेत. माझ्या बाटलीत ६३ मुलींपैकी २२ पांढऱ्या निघाल्या. आदल्याच आठवड्यात फळमाशीवर काम करणाऱ्या ब्रिजेसचं १९१६ चं काम वाचलं होतं. अशाच क्रॉसमध्ये साधारण दोन हजार माश्यांत एखादी अपवादाची माशी निघते, कारण आईचे दोन एक्स वेगळे झालेले नसतात. त्या अपवादांच्या जोरावर त्याने जनुकं गुणसूत्रांवर असतात हे दाखवून दिलं. मी दोन दिवस हवेत होतो. मग प्रॅक्टिकलच्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "लाल डोळ्यांचे मुलगे किती?" एकही नव्हता. एक्स वेगळे न होण्याने पांढऱ्या मुली येतात तसे लाल मुलगेही यायला हवेत, कारण एकही एक्स नसलेली अंडीही तयार होतात. फक्त पांढऱ्या मुलीच जास्त, म्हणजे आई आधीच आपल्या पांढऱ्या डोळ्यांच्या भावंडाशी मिळून आली होती. मी आठ तासांऐवजी अकरा तासांनी पोचलो होतो, आणि प्रयोगवहीत वेळ लिहिलेली नसल्यामुळे ते कबूल करायलाही दोन दिवस लागले.

म्हणून वहीत तारखेसोबत वेळ लिहा. बाटलीवर क्रॉस लिहिताना मादी आधी, नर नंतर. नर-मादी नेहमी वेगळे मोजा, गुण एक्सवर नाही असं वाटत असलं तरी.

डीएनएचं प्रॅक्टिकल त्या मानाने शिस्तीचं काम आहे. मायक्रोपिपेटला दोन थांबे असतात. भरताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, रिकामं करताना दुसऱ्यापर्यंत. जेलमध्ये (विजेच्या जोरावर डीएनएचे तुकडे वेगळे करायच्या थरात) डीएनए ऋणभारित असल्याने धन टोकाकडे, म्हणजे लाल वायरीकडे पळतो. वायरी उलट्या लावल्या तर तो खाचेतून मागच्या बाजूला निघून जातो. पीसीआरमध्ये (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात) डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली एक नळी ठेवाच. तिच्यात पट्टी दिसली तर बाकीच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका.

मूळ शोधनिबंध कसा वाचायचा

सारांश आणि चर्चा हाताने झाका. प्रश्न काय होता ते शोधा, शक्य ती सगळी उत्तरं कागदावर लिहा, प्रत्येकापुढे 'हे खरं असेल तर काय दिसेल' ते लिहा. मग आकृती उघडा.

या सरावाला मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा प्रयोग उत्तम आहे. जड नायट्रोजनवर वाढवलेले जीवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले. मग डीएनए वेगाने फिरवून जड-हलका असा पट्ट्यांमध्ये वेगळा केला. डीएनएची प्रत निघताना दोन धाग्यांची जुनी जोडी अख्खी राहत असेल तर एका पिढीनंतर दोन पट्ट्या दिसायला हव्यात, एक जड आणि एक हलकी. दिसली एकच, मधली. एक अंदाज गेला. पण जुने-नवे तुकडे सगळीकडे विखुरले जात असतील तरी पहिल्या पिढीत मधली पट्टीच येणार. म्हणून दुसरी पिढी हवी: तिथे अर्धा डीएनए मधल्या पट्टीत आणि अर्धा हलक्या पट्टीत आला, आणि दुसराही अंदाज गेला. वर्गात विचारलं जातं ते 'दुसरी पिढी कशाला?' हेच.

मेंडेलचा १८६६ चा लेखही वाचा, वाटतो त्यापेक्षा तो सोपा आहे. दोन गुणांच्या क्रॉसमध्ये त्याला ३१५, १०८, १०१ आणि ३२ वाटाणे मिळाले. ९:३:३:१ साठी काय-स्क्वेअर स्वतः काढा, ०.४७ येईल. इतके जुळणारे आकडे जरा जास्तच चांगले आहेत, असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ मध्ये सगळ्या प्रयोगांचे आकडे एकत्र धरून घेतला होता. त्यावर वर्गात वाद घालायला मजा येते.

आणि पदवीच्या विद्यार्थ्याने काय करायचं असतं अशी शंका आली तर स्टर्टेव्हंट आठवा. फळमाशीवर काम करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेत असताना, पदवी हातात यायच्या आधी, त्याने एका रात्रीत कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकून जनुकांचा पहिला नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापून आला. नवीन माशी त्यासाठी त्याने एकही मोजली नव्हती, आकडे सगळे प्रयोगशाळेत आधीच पडून होते.

प्रकल्प

प्रश्न छोटा घ्या, आणि असा घ्या की उत्तर 'नाही' आलं तरी लिहिण्यासारखं काही हाती राहील. मार्गदर्शकांच्या पहिल्या भेटीत हेच विचारा: "नाही आलं तर काय लिहायचं?" समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर प्रश्न बदला. किती माश्या किंवा रोपं लागतील याचा हिशेब सुरुवातीलाच करा. वरच्या गणितात १६० पुरले नव्हते, ६४० लागले. दहा दिवसांची एक पिढी धरली तर सत्रात किती पिढ्या बसतात ते मोजा, आणि त्यातली एक वाया जाणार असं धरून चाला.

मोजणी शक्यतो दोघांनी, एकमेकांचे आकडे न बघता करा. १९२३ नंतर तीस वर्षांहून जास्त काळ माणसाची गुणसूत्रं ४८ मानली जात होती. १९५६ मध्ये त्यो आणि लेव्हान यांनी चांगल्या तंत्राने तयार केलेल्या पेशींत ती ४६ असल्याचं दाखवलं. मधल्या काळात मोजणारे आंधळे नव्हते, पण उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

प्रबंधाला मोजणीचे मूळ तक्ते जोडा. टाकून दिलेल्या बाटल्यांचा तक्ताही जोडा, प्रत्येकीपुढे कारण लिहून: बुरशी, पिढ्या मिसळल्या, वेळ चुकली. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुतेक वेळा त्या तक्त्यावरच येतो.